काळ्या दोऱ्याचे कपडे

आमची आत्या गेली त्याला आज तीन आठवडे झाले. लाँड्री चालू आहे. ती असती तर तिने आधी हेच विचारलं असतं, रडताय काय, भट्टी पेटवली का.

तिला सगळे आत्याच म्हणायचे. आम्ही भाचरं म्हणायचो, कामावरच्या बायका म्हणायच्या, गिऱ्हाइकं म्हणायची, तिच्याहून मोठे म्हातारेसुद्धा म्हणायचे. लग्न आधी जमलं नाही आणि नंतर तिनेच जमवलं नाही. ओठावर बारीक लव होती तिच्या. कोणी त्यावरून चिडवलं तर म्हणायची, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं असं म्हणतात ना, मला आहेत, म्हणा काका. मग चिडवणाऱ्याचीच पंचाईत.

शेवटच्या काही वर्षांत तिला एकच घोर लागला होता, लाँड्री कोणाच्या हाती द्यायची. गुडघे कामातून गेले होते. भाचरं शिकली सवरली, त्या वाफेत उभं राहायला कोणी तयार नाही. आणि जिच्या हाती द्यावी असं मनात होतं, तिलाच आत्या एका सकाळी चार लोकांत असं काही बोलून बसली की ती बाई ॲप्रन खुंटीला लावून निघून गेली. ती गोष्ट सांगायची तर आधी दोऱ्याची सांगायला लागते.

आत्या एकोणीस वर्षांची असताना लाँड्रीत लागली. तेव्हा लाँड्री मालकीणबाईंची. मालकीणबाईंचे केस पांढरेशुभ्र, कपडे पांढरेशुभ्र, आणि बोलणं लोण्यासारखं. आवाज चढवणं त्यांना माहीतच नव्हतं. वाईट गोष्टसुद्धा अशी सांगायच्या की ऐकणाऱ्याने मान हलवून हो म्हणावं आणि घरी गेल्यावर त्याला कळावं आपल्याला काय म्हटलं ते.

आत्याची माणसं नदीकाठची. नदीला मोठा पूर आला, सगळी वस्ती वाहून गेली, आणि उरली ती माणसं वर शहरात आली. त्यांना मागच्या गल्लीत खोल्या मिळाल्या, एका खोलीत सात सात आठ आठ जणं. शहराने त्यांचं नाव पाडलं चिखल्ये. पहिल्या वर्षी होता चिखल, नाही कशाला म्हणा. कपड्यांना होता, पायांना होता, अंथरुणांना होता. दुसऱ्या वर्षी नव्हता. नाव राहिलं.

लाँड्रीत मोठा हौद होता. पहाटे भरायचा, तापवायचा आणि त्याच पाण्यात दिवसभर कपडे निघायचे. परत परत पाणी तापवणं परवडायचं नाही कोणालाच. पहिल्या पाण्यात पांढरे कपडे, चांगल्या घरचे. मग रंगीत. मग जाडेभरडे. संध्याकाळपर्यंत हौदातलं पाणी धुण्याचं कमी आणि डाळीच्या वरणाचं जास्त दिसायचं. ते शेवटचं पाणी.

पहिल्या दिवशी मालकीणबाईंनी आत्याला सुई दिली आणि तीन रिळं दिली. पांढरं, निळं, काळं. प्रत्येक घराची खूण वेगळी, कोणाची दोन रेघा, कोणाचा त्रिकोण, कोणाची फुली, ती कॉलरच्या आत किंवा चादरीच्या कोपऱ्यात टाक्याने घालायची. आणि दोऱ्याचा रंग म्हणजे पाणी. पांढरा दोरा पहिल्या पाण्यात, निळा मधल्या, काळा शेवटच्या.

आत्याने विचारलं, काळा कोणाकोणाला लावायचा. मालकीणबाई म्हणाल्या, "तुला सांगायला नको, तू त्यांच्यातलीच आहेस ना. तुला बरोबर कळतील." आणि हसल्या, वाईट मनाने नाही.

तर असं झालं. आत्याने तिच्या स्वतःच्या आईच्या कपड्यांना काळा दोरा लावला. घराची खूण तीन फुल्या. शेजारणीच्या कपड्यांना लावला, गल्लीतल्या सगळ्यांच्या कपड्यांना लावला. कारण विचारलं कोणी तर कारण तयार होतं, चिखल उतरतो, बाकीच्यांचे कपडे खराब होतात. खोटं नव्हतं. जुनं होतं फक्त.

आणि यात एक गंमत आहे, आत्या ती पुढे खूपदा सांगायची. शेवटच्या पाण्यात धुतलेले कपडे कितीही घासा, करडेच निघतात. शहराच्या सगळ्या मळाचा रंग त्यांना लागतो. मग लोक म्हणायचे, बघा, या चिखल्यांचे कपडे कधी उजळ दिसत नाहीत, धुतात की नाही कोण जाणे. म्हणजे आपला मळ त्यांना लावायचा आणि वर त्यांनाच मळकट म्हणायचं.

आत्याच्या वडलांना पाणीखात्यात बोलावणं आलं, पंपावरच्या कामासाठी. त्यांच्याकडे बाहेर घालायचा शर्ट एकच, पांढरा म्हणायचा आपला. ते शर्ट आत्याच्या हातात देऊन म्हणाले, जरा बघ बाई याचं काही होतं का. एवढंच म्हणाले. आत्याला रात्रभर तेच ऐकू येत राहिलं.

सकाळी तिने काय केलं, तर काळ्या तीन फुल्यांवर पांढऱ्या दोऱ्याने दुसऱ्या तीन फुल्या शिवल्या. काळा दोरा उसवला नाही. उसवला तर कॉलरला भोकं दिसतात आणि नवा टाका लगेच ओळखू येतो, हे धंद्यातल्या माणसालाच माहीत. वरून शिवलं की काळं झाकलं जातं. थोडं जाड लागतं, पण कॉलर कोण चाचपून बघतंय.

एक जण चाचपायचा. इस्त्रीवाले काका. मालकीणबाईंच्या वडलांच्या वेळेपासून तिथे होते ते, शहरातलेच, चांगल्या घरचे. शर्ट पहिल्या पाण्यातून निघाला, वाळला आणि काकांच्या टेबलावर आला. काकांनी कॉलर अंगठ्याने दाबली. आत्या समोर चादरींच्या घड्या घालत होती, ती एकच घडी परत परत घालायला लागली. नोकरी गेली, घरी काय सांगायचं, आणि मालकीणबाई त्या मऊ आवाजात काय म्हणतील, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

काका म्हणाले, "कॉलर जाड लागतेय गं ही." आणि त्यांनी कॉलरवर परत एकदा इस्त्री दाबून फिरवली, सपाट केली, आणि शर्ट पांढऱ्यांच्या थप्पीत ठेवला. पुन्हा कधी विषय काढला नाही. मरेपर्यंत नाही.

वडलांना काम मिळालं. साहेब म्हणाला, चिखल्या असून नीटनेटका आहे. वडील ते घरी येऊन सांगताना खूश होते. आत्याला कळेना खूश व्हावं की काय करावं.

मग वर्षं गेली. वडलांच्या मागून गल्लीतल्या दुसऱ्यांना कामं मिळाली. कोणाची मुलं शिकून मास्तर झाली, कोणी दुकान टाकलं, कोणी कचेरीत चिकटलं. एकेक करून माणसं मागच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला राहायला गेली. त्यांचे कपडे हळूहळू निळ्यात आले, मग पांढऱ्यात. कोणी हुकूम काढला नाही. मास्तरचे कपडे काळ्यात टाकायचे कसे, एवढंच. चिखल्ये हा शब्द म्हाताऱ्या माणसांच्या भांडणातच उरला. काळं रीळ खणात पडून राहिलं.

मालकीणबाई थकल्या तेव्हा त्यांनी लाँड्री आत्यालाच दिली. म्हणाल्या, पाण्याचं तुझ्याइतकं कोणाला कळत नाही. आत्या रडली तेव्हा. मालकीणबाईंवर तिचा राग होता आणि जीव पण होता, दोन्ही खरं. माणसाचं असंच असतं, एका खणात दोन्ही मावतं.

आता इथून पुढचं आत्या फारशी सांगत नसे. शेवटच्या वर्षी सांगितलं तिने, आणि नीट सांगितलं, स्वतःला सूट न देता.

वरच्या डोंगरातल्या कोळशाच्या खाणी बंद झाल्या. खाणीतली माणसं खाली शहरात आली आणि कुठे राहिली, तर मागच्या गल्लीत, त्याच खोल्यांत. शहराने नाव पाडलं धुरकट. आणि हे नाव पाडणाऱ्यांत सगळ्यात पुढे कोण, तर मोठ्या रस्त्याला राहायला गेलेली आपलीच माणसं. ती आता नाकाने कांदे सोलायला लागली होती. डोंगरातल्या बाया त्यांच्या घरांपुढून गेल्या की खिडक्या लागायच्या.

डोंगरवाल्यांचे कपडे लाँड्रीत यायला लागले. पहिल्याच आठवड्यात आत्याने खण उघडला आणि काळं रीळ बाहेर काढलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मालकीणबाई तोवर गेल्या होत्या. कारण होतंच तयार, कोळशाची काजळी उतरते, बाकीच्यांचे कपडे खराब होतात. खोटं नव्हतं. पहिल्या वर्षी खरंच काजळी उतरायची.

म्हणतात ना, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. इथे तर सुंभ पण दुसऱ्याच्या हातात गेला होता, पीळ तोच.

त्याच डोंगरवाल्यांतली एक बाई कामाला आली. इतकी उंच की वाळत घालायच्या दोऱ्यांना तिला कधी स्टूल लागलं नाही. आत्याने पहिल्याच दिवशी तिचं नाव शिडी ठेवलं. दुसरी कोणी चिडली असती. ती म्हणाली, "शिडी म्हणा आत्या, पण टेकवून ठेवू नका कुठे तरी, उभी ठेवा." तिथून दोघींचं जमलं.

बारा वर्षं शिडी तिथे होती. साबण कुठल्या कपड्याला किती, सोडा कधी घालायचा, नीळ किती झाली की कपडा मेलेल्या माणसाच्या नखासारखा दिसतो, सगळं तिला हाताने कळायचं. आत्याचे गुडघे दुखायला लागले तशी निम्मी लाँड्री तीच ओढायची. दोघी दुपारी एकाच बाकावर बसून चहा प्यायच्या, एकमेकींना टोमणे मारायच्या, गिऱ्हाइकांच्या नकला करायच्या. तोवर यंत्र आलं होतं धुवायचं, पण पाणी तेच फिरवून वापरायचे, त्यामुळे पहिलं पाणी, शेवटचं पाणी, दोरे, सगळं तसंच.

आणि शिडीच्या घरचे कपडे शेवटच्या पाण्यात. बारा वर्षं. ती स्वतःच लावायची त्यांना काळा दोरा, जशी आत्या लावायची. दोघींपैकी कोणी कधी काही बोललं नाही. काजळी तर कधीच संपली होती. शिडी खाणीत गेलीसुद्धा नव्हती आयुष्यात.

आत्या मनात ठरवत होती, लाँड्री हिलाच द्यायची. घरात बोलून पण झालं होतं. भावजय, म्हणजे आमची आई, तोंड वाकडं करून म्हणाली होती, सगळ्या शहरात तुम्हाला तीच सापडली का. आत्याने लक्ष दिलं नाही. या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं.

तर ती सकाळ. आत्या यंत्राशी उभी होती, पहिल्या पाण्याची टोपली आत टाकत. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं, एक शाळेतले मास्तर आणि एक औषधाच्या दुकानातली बाई. टोपलीतून आत्याच्या हातात एक पांढरा कोट आला, दवाखान्यात नर्स घालतात तसला, नवा नव्हे, वापरातला. कॉलरला पांढऱ्या दोऱ्याची खूण. पण बाह्या. आत्याने बाह्या पसरल्या तर त्या संपेचनात. एवढ्या लांब हातांचं घर त्या शहरात एकच होतं. शिडीच्या मुलीला दवाखान्यात काम लागलं होतं, दुसऱ्या दिवशीच पहिला दिवस होता, हे आत्याला माहीत होतं. पेढ्यापेक्षा गोड बोलली होती ती त्या मुलीशी.

तरी तिच्या तोंडून निघालं, "हा इथे कसा आला?"

शिडी इस्त्री करत होती. म्हणाली, पांढरा दोरा आहे त्याला.

आत्याने कोट बाजूला टाकला आणि म्हणाली, "पांढरा दोरा लावला म्हणून तुमचे कपडे पांढऱ्यातले होत नाहीत."

तुझे नाही म्हणाली. तुमचे म्हणाली. आवाज चढवला नाही, मऊच बोलली. मास्तर हातातल्या पावतीकडे बघायला लागले. औषधवाल्या बाईने मान हलवली, बरोबर आहे अशी.

शिडीने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. हात पुसले. ॲप्रन काढून खुंटीला लावला, नीट, बंद आत दुमडून. आणि मागच्या दाराने गेली.

आत्याला वाटलं, येईल दुपारपर्यंत, जाते कुठे. चहाची वेळ झाली, ती बाकावर एकटीच बसली. राग होता तिला अजून. मला न विचारता, माझ्याच लाँड्रीत, असं चाललं होतं मनात. कोट तसाच बाजूला पडला होता. खूण तरी बदलून ठेवू म्हणून तिने सुई घेतली आणि पांढरा टाका उसवायला लागली.

खाली काळा निघाला.

काळ्यावर पांढरं शिवलेलं. उसवलं नव्हतं, भोकं दिसू नयेत म्हणून वरून शिवलं होतं. आत्याने अंगठ्याने कॉलर दाबली. जाड लागली.

ती बराच वेळ तिथे बसून राहिली. गिऱ्हाइकं आली, हाका मारून गेली. वडलांचा शर्ट तिला आठवला, काकांचा अंगठा आठवला. आणि आठवलं की एकोणिसाव्या वर्षी जे वाक्य मालकीणबाई आपल्याला म्हणतील म्हणून ती घाबरली होती, ते मालकीणबाई कधी म्हणाल्याच नाहीत. ते आज म्हटलं गेलं, आणि तिनेच म्हटलं.

उठून तिने बादलीत ताजं पाणी तापवलं, नुसत्या त्या एका कोटासाठी. काळा दोरा पण काढला. हाताने धुतला, यंत्राशेजारच्या गरम हवेला वाळवला, इस्त्री स्वतः केली, गुडघे ओरडत असताना. कॉलरला बारीक भोकं राहिली, ती वाफेने जेवढी बुजली तेवढी बुजवली. मग कोट कागदात घालून ती मागच्या गल्लीत गेली.

तीस वर्षांत ती त्या गल्लीत पाऊल टाकायला गेली नव्हती. लाँड्रीपासून चालत सात मिनिटं. तिसऱ्या खोलीची, म्हणजे तिच्या जुन्या घराची, पायरी तशीच, मधोमध खोलगट, तिथे पाणी साचतं म्हणून आत्याची आई तिथे वीट ठेवायची. आता दुसऱ्या कोणाची तरी वीट होती. शिडी कुठे राहते हे आत्याला माहीत नव्हतं, बारा वर्षांत विचारलं नव्हतं. एका बाईने हात दाखवला. आत्या ज्या खोलीत वाढली तिच्यापासून दोन दारं पुढे.

शिडी दारात आली. या म्हणाली नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना हात धरून उभी राहिली, आणि ती उभी राहिली की दार भरूनच जायचं. शेजारपाजारच्या बाया हातातली कामं थांबवून बघायला लागल्या.

आत्याला माफी मागायची सवय नव्हती. तिने कागद पुढे केला. म्हणाली, मी पण असंच शिवलं होतं, माझ्या वडलांच्या शर्टाला, काळ्यावर पांढरं.

शिडी म्हणाली, "माहीत आहे. तुम्हीच सांगितलंय, चहा पिताना, हसत हसत. त्यातूनच शिकले मी." मग थोडं थांबून, "मला एवढंच कळत नाही आत्या, तुम्ही विसरलात कसं?"

आत्याने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर सोपं होतं. वय झालं, डोकं फिरलं, काहीही चाललं असतं. ती म्हणाली, "विसरले नव्हते. आमच्या वेळी ते चूक होतं असंच वाटायचं मला. तुमच्या वेळी बरोबर आहे असं वाटायचं."

शिडीने कागद उघडला, कोट काढला, कॉलर उलटी करून बघितली. काळा नाही, पांढरा नाही, नुसती भोकं.

"दोराच नाही याला. हरवला तर कोणाचा म्हणून ओळखायचा?"

"बाह्यांवरून," आत्या म्हणाली.

शिडी हसली नाही. आतून मुलगी हसली. ती आत बसून सगळं ऐकत होती. शिडीने मागे वळून तिच्याकडे बघितलं, मग परत आत्याकडे.

"उद्या येते," ती म्हणाली. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही. पण टोपल्या मी लावणार. दोरा लागेल तो एकाच रंगाचा, आणि पाणी मळ बघून."

आत्या बरं म्हणाली आणि परत निघाली. आत या असं शिडी शेवटपर्यंत म्हणाली नाही. त्या दिवशी नाही. पुढे म्हणाली, पण त्याला वर्ष गेलं.

दुसऱ्या दिवसापासून शिडी प्रत्येक कपडा हातात घेऊन बघायची, मळ किती, डाग कसला, आणि त्याप्रमाणे टोपली. मास्तरांच्या चादरी दुसऱ्याच दिवशी शेवटच्या पाण्यात गेल्या, कारण त्यांचा कुत्रा त्यांच्यासोबत झोपायचा. मास्तरांना कोणी सांगितलं नाही. पण अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. काही गिऱ्हाइकं तुटली. सगळ्यात आधी आमच्या घरची. आई म्हणाली, आमच्या उशीचे अभ्रे त्या लोकांच्या कपड्यांत नकोत, आणि कपडे दुसऱ्या लाँड्रीत न्यायला लागली. आत्या तिला एवढंच म्हणाली, तुझ्या आईचे कपडे मी काळ्या दोऱ्याने शिवलेत गं. आई म्हणाली, ते दिवस वेगळे होते. दोन वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं. मग दुसऱ्या लाँड्रीवाल्याने आईची चांगली चादर जाळली तेव्हा आई परत आली. मन बदललं म्हणून नाही, चादर जळली म्हणून. असो. आली ना.

किल्ल्या आत्याने शिडीला दिल्या. ती स्वतः काउंटरमागे खुर्चीत बसायची, पावत्या फाडायची आणि सगळ्यांना नावं ठेवायची.

मागच्या वर्षी आणखी माणसं आली. समुद्राकाठची, त्यांचं काय झालं ते नीट कोणी विचारलं पण नाही. मागच्या गल्लीतल्या खोल्या त्यांना मिळाल्या, कारण डोंगरवाले एकेक करून मोठ्या रस्त्याला निघाले होते. शहराने नाव पाडलं खारे. हे नाव आत्याने पहिल्यांदा ऐकलं ते कपडे न्यायला आलेल्या एका डोंगरवाल्याच्या तोंडून.

एका सकाळी तिने बघितलं, शिडीने दाराशी एक नवी टोपली ठेवली होती. वेगळी. आलेल्या गठ्ठ्यातले काही कपडे न बघताच ती त्यात टाकत होती.

"ती कसली टोपली?" आत्याने विचारलं.

शिडी म्हणाली, त्या लोकांची. वास येतो हो आत्या, मासळीचा. बाकीच्यांना लागतो.

आत्या खुर्चीतून उठली नाही, उठवतच नव्हतं. म्हणाली, "येत असेल की. चिखल पण खराच होता गं."

शिडीचा हात थांबला. ती म्हणाली, नाही पण हा खरंच येतो, घेऊन बघा. आणि एक सदरा तिने आत्याच्या हातात दिला. आत्याने हुंगला. वास होता. तिने तो परत दिला आणि म्हणाली, "याला आहे. बाकीच्यांना आहे का ते तू बघितलं नाहीस." मग पावत्या फाडायला लागली.

ती टोपली दोन दिवस दाराशी तशीच होती. शिडी आत्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी टोपलीत कपडे वाळत घालायचे चिमटे होते. आजही चिमटेच आहेत. हे कायमचं सुटलं असं आत्या मानायची नाही. ती म्हणायची, टोपली जाळू नका, डोळ्यांसमोर असू दे, आज चिमटे आहेत, उद्याचं कोणी सांगावं.

शेवटचे पंधरा दिवस ती अंथरुणातच होती. ताप होता, औषध तोंडातून सांडायचं, चादरी रोज बदलायला लागायच्या. शिडीची मुलगी दवाखान्यातून सुटली की यायची, त्याच लांब हातांनी तिला उचलून कूस बदलायची. चादरी शिडी घेऊन जायची आणि दुसऱ्या दिवशी घडी करून आणायची.

आत्या गेल्यावर शिडीने शेवटच्या चादरी आणून दिल्या. डाग गेले होते, पण चादर जराशी करडी दिसत होती. आईने बघितलं आणि तिला राहवलं नाही. म्हणाली, निदान आत्याच्या तरी पहिल्या पाण्यात घालायच्या होत्यास.

शिडीचे डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, "औषध सांडलं होतं वहिनी, मळलेल्या होत्या. पहिल्यात घातल्या असत्या तर उठून माझा कान धरला असता तिने."

आईने चादर घेतली, कोपरा उलटा करून बघितला. निळ्या दोऱ्याच्या तीन फुल्या होत्या. आता सगळ्यांनाच निळा असतो.